भाव पाहून पेरणारा शेतकरी आणि बुडीत कोणाचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि नंतर ही माफी वर्षअखेरपर्यंत वाढवली. भाव पडले की 'शेतकरी एकाच पिकाला का चिकटून बसतो?' असे शहाणपण ऐकवले जाते. आम्हाला हा प्रश्नच चुकीचा वाटतो.

शेतकरी भाव बघूनच पेरतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, ब्रिटनच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. १८६० ते १८६४ या काळात मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात कापसाखालची जमीन दुप्पट झाली. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरी सावकारांना आणि त्यांनी गावच्या सावकारांना पैसा पुरवला. एकरी शंभर रुपये उचल मिळू लागली. १८६५ मध्ये युद्ध संपले. मागणी घटली, भाव कोसळले आणि सावकाराने हात आखडता घेतला. नेमक्या त्याच सुमारास सरकारने फेरआकारणी करून शेतसारा ५० ते १०० टक्के वाढवला.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य धरला होता. सावकाराने त्यावरही तोड काढली. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेतला. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण चौकशी आयोगापुढे आले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी वह्या आणि रोखे मागितले आणि जाळले. १८७९ मध्ये शेतकरी कर्जनिवारण कायदा आला.

यातून दिसते ते असे की शेतकऱ्याचा हिशेब चुकला नव्हता. तेजीत व्यापारी, सावकार आणि सरकार असे सगळेच वाटेकरी होते. मंदीत मात्र बुडीत एकट्या शेतकऱ्याच्या माथी आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ च्या निबंधात शेतीची खरी अडचण भांडवल आणि अवजारांच्या तुटवड्यात दाखवली, ती याच दुखण्याशी जुळते.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. पण ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सरकारी केंद्र माल घेत नाही. मग तो पडेल भावाने व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. आपल्या समाजातले अनेक जण बटाईने किंवा मक्त्याने दुसऱ्याची जमीन कसतात. सातबारा मालकाच्या नावे, खर्च आणि उधारी मात्र यांच्या नावे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आयात शुल्काचा निर्णय पेरणीपूर्वी जाहीर व्हावा. कसणाऱ्याची नोंद व्हावी आणि हमीभाव, पीककर्ज व विमा त्या नोंदीवर मिळावा. पेरा करून झाल्यावर नियम बदलायचे आणि वर पीक बदलण्याचा उपदेश करायचा, हा न्याय नव्हे.