बी.एस्सी. पोर, बोंडअळी आणि सरकारी कुलूप



बारावीचा निकाल लागला की कोरडवाहू गावात घरोघर एकच हिशेब होतो. डॉक्टरकी गुणांनी हुकली, इंजिनियरी पैशाने हुकली, मग पोराला बी.एस्सी.ला घाला. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान. नावे भारदस्त आहेत. बाप कापूस विकतो, आई कणगीतली ज्वारी काढून देते आणि पोर वसतिगृहात जाते. तीन-चार वर्षांनी पदवी हातात येते. पुढे काय, हे कोणीच सांगत नाही.

कोल्हापूरचे उदाहरण घेऊ. कोणी म्हणेल, तो उसाचा आणि दुधाचा मुलूख, कापूस-ज्वारीवाल्यांचे तिथे काय काम? पण १९६२ साली निघालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पदरात नुसता पंचगंगेचा काठ नाही. सांगलीचे जत-आटपाडी, साताऱ्याचे माण-खटाव हे दुष्काळी तालुकेही त्यातच येतात. २००४ पर्यंत सोलापूर जिल्हाही होता. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली आणि १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना निम्म्या जागा राखल्या. त्या काळी बहुजनांच्या पोराला कचेरीचे दार बंद होते. ते उघडणे हेच मोठे काम होते. आज कचेरीच्या दारात रांग लागली आहे आणि शिवारात मात्र किडीचे नाव अचूक सांगणारा माणूस मिळत नाही.

या पदवीधराच्या वाटा मोजून पाहा. बी.एड. केले तर शिक्षक भरती कधी निघते त्याकडे डोळे लावा. एम.एस्सी. करून नेट-सेट काढली तरी बहुतेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरचे तास. शिकवले तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत घरी बसा. डीएमएलटी करून रक्त-लघवी तपासा. औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरच्या दारात ताटकळा. दूध संघाच्या किंवा औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटलात तर नशीब. उरलेले स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये, वय उलटेपर्यंत. यातले कोणतेच काम हलके नाही. पण एवढे जीवशास्त्र शिकून जिवंत पिकाकडे जाणारी वाट यात दिसत नाही, हे कसे?

एक वाट आहे, दुकानाची. २०१५ साली केंद्र सरकारने कीटकनाशकांचे नियम बदलले. औषध विक्रीच्या परवान्याला कृषी, जीवरसायन, जैवतंत्रज्ञान, जीवशास्त्र यांची पदवी, नाहीतर रसायन, वनस्पती किंवा प्राणिशास्त्र घेऊन केलेली विज्ञानाची पदवी लागेल असे ठरले. जुन्या दुकानदारांना मुदतीवर मुदत मिळाली, मग छोटा अभ्यासक्रम करून सुटायची सोयही झाली. म्हणजे प्राणिशास्त्राचा पदवीधर बाटली विकायला चालतो. त्याच पोराने कृषी खात्यात गावपातळीची नोकरी मागितली तर मात्र चालत नाही. तिथे कृषीचीच पदविका नाहीतर पदवी पाहिजे. विकायला लायक, सल्ला द्यायला नालायक! आणि जो दुकानात बसून सल्ला देतो त्याच्या प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी एक बाटली येणारच. त्यात त्या पोराचा दोष नाही, पोट त्याच्याही मागे आहे.

याची किंमत आपण मोजली आहे. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. हिरव्या बोंडअळीचा जाच कमी झाला, हे आम्ही नाकारत नाही. पण गुलाबी अळी ही वेगळी जात. ती फुलात शिरून डोमकळी करते. बोंडात गेली की तिच्यामागे भोक बुजते आणि वरून मारलेले औषध तिला लागत नाही. शेवटची पिढी सरकीत, पऱ्हाटीत, जिनिंगच्या कचऱ्यात झोपून राहते. गुजरातेत ती पहिल्या जनुकाला दाद देत नाही, हे २०१० सालीच जाहीर झाले होते. महाराष्ट्राचे कापूस शिवार पोखरले गेले २०१७ साली. मधली सात वर्षे पतंग मोजायला आपल्या बांधावर कोण आले? बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटीचे १२० ग्रॅमचे पाकीट यायचे. ते कशासाठी, हे कोणी समजावून सांगितले? त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. बाटल्या विकणारे गल्लोगल्ली होते, अळी ओळखणारा नव्हता.

खरे तर काम अवघड नाही. कामगंध सापळे लावायचे, रोज सकाळी पतंग मोजायचे, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले की मगच औषधाचा विचार करायचा. हिरवी बोंडे फोडून शंभरात किती किडकी ते पाहायचे. पाच-दहा गावांत मिळून प्राणिशास्त्र शिकलेली एक मुलगी किंवा मुलगा हे सहज करील.

ज्वारीचे तेच. स्वातंत्र्यापूर्वी मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी आजही आपल्या रानात उभी आहे. मालदांडीला सलाम, पण विज्ञानाला ही शोभा नाही. खोडमाशीने पोंगे मरतात, खडखड्याने ताटे आडवी होतात. घरचे बी पुन्हा पेरता येते म्हणून कंपन्यांना रब्बी ज्वारीत फारसा रस नाही. राहुरी-परभणीने वाण काढले, पण गावात बियाण्याची उगवण तपासून देणारा नाही.

यावर सरकारी पंडित म्हणतील, शेतीचे काम कृषी पदवीवाल्यांचे. हे कसले सोवळे? मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १९४६ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या संस्थेचे गहू आणि सोयाबीनचे ‘एमएसीएस’ वाण शेतकरी पेरतात. चंद्रपूरचे दादाजी खोब्रागडे यांच्याकडे तर कसलीच पदवी नव्हती. एचएमटी भात त्यांनी आपल्या बांधीतून निवडून काढला.

दुसरे कुलूप संशोधनाला आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती दिली, ती अजून उठलेली नाही. त्यानंतर कापसातही नव्या जनुकाला लागवडीची परवानगी मिळाली नाही. प्रयोगशाळेतली विद्या शेतापर्यंत जाऊ द्यायचीच नाही असे ठरवले, तर जैवतंत्रज्ञानाचा पदवीधर बॅग उचलणार नाही तर काय करणार? उलटही पाहा. २०२२ साली, बाहेरचे जनुक न घालता पिकाच्याच जनुकात बदल करण्यावरचे निर्बंध सैल केले आणि मे २०२५ मध्ये भाताचे तसे दोन वाण जाहीर झाले. कुलूप काढले की काम होते. मग कापसाने आणि ज्वारीने काय पाप केले आहे?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. एक, जीवशास्त्राच्या पदवीधराला वर्षभराचे शेतीचे प्रशिक्षण देऊन कृषी खात्याचे दार उघडा. दोन, कापूस आणि ज्वारीच्या नव्या वाणांच्या चाचण्या उघड्यावर होऊ द्या. निकाल वाईट लागला तर तोही आम्हाला सांगा. तीन, शेतमालाचे भाव पाडणे बंद करा. शेतकऱ्याच्या गाठीला पैसा असेल तर या पोरांना पगार द्यायला तो सरकारची वाट पाहणार नाही.

चौथे आपल्या हातातले. ज्या तालुक्यात आपली उत्पादक कंपनी किंवा गट आहे, तिथे येत्या हंगामात एक तरी बी.एस्सी. झालेली मुलगी किंवा मुलगा कामाला लावा. दुकानदाराच्या कमिशनवर नव्हे, एकरी ठरलेल्या वर्गणीवर. पतंग मोजणे, उगवण तपासणे, रोग ओळखणे, एवढेच काम. एक नको असलेली फवारणी वाचली तरी वर्गणी फिटते.

कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचे. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची शिकवण. आज आपल्या पोरांना पुढचे सांगायचे आहे: शिकलास, आता कमव, आणि आपल्या शिवारात कमव. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावातल्या अशा मुलामुलींची नावे लिहून आणा, आणि जमले तर त्यांनाच बरोबर घेऊन या.