लग्नाच्या गोष्टीतून वसलेलं बंदर

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'किती देश?' बारा दिवसांत सात देश, असं उत्तर मिळालं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. डोंबिवलीच्या एका जोडप्याचं उत्तर होतं, 'एक देश, एक शहर.' ती शाळेत गणित शिकवते, तो सहकारी बँकेत आहे. लग्न मे महिन्यातलं, त्यामुळे तिच्या रजेचा प्रश्नच नव्हता. शहर ठरलं मार्सेय, म्हणजे आपल्या पुस्तकांतलं मार्सेलिस. ते ऐकून नणंदेने विचारलंच, 'अगं वहिनी, सावरकरांच्या उडीशिवाय तिथे बघायला आहे तरी काय?'

प्रश्न रास्त होता. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याचा विषय निघाला की लोकांच्या तोंडी नीस आणि कानची नावं येतात. मार्सेय हे लोकवस्तीने फ्रान्समधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, पण त्याची ओळख गोदीची, खलाशांची आणि बोटीतून येऊन इथेच राहिलेल्या माणसांची. मधुचंद्राच्या जाहिरातींत ते सहसा दिसत नाही. तरीही लग्नाचा वाढदिवस साजरा करायला भूमध्य समुद्राच्या काठी याच्याइतकं शोभणारं शहर दुसरं नाही. कारण या शहराची जन्मकथाच मुळी एका लग्नाची आहे.

इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या फोकाया या ग्रीक नगरातून काही दर्यावर्दी इथे येऊन पोहोचले. कथा सांगते की नेमक्या त्याच दिवशी इथल्या सेगोब्रिज टोळीच्या राजाकडे लेकीचं स्वयंवर होतं. रीत अशी, की मेजवानीला सगळे इच्छुक जमायचे आणि मुलगी ज्याच्या हाती पाण्याचा प्याला देईल तो तिचा नवरा. राजकन्या जिप्टिसने जमलेल्या साऱ्या नामवंतांना ओलांडून प्याला दिला तो परक्या पाहुण्याच्या, प्रोटिसच्या हातात. राजाने जावयाला किनाऱ्यावरची जमीन दिली आणि तिथे मसालिया वसलं. जस्टिन या लॅटिन लेखकाने ही कथा लिहून ठेवली आहे. ॲरिस्टॉटलच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या पाठात नावं निराळी आहेत, पण प्याला आहेच.

कथा बाजूला ठेवली तरी ते ग्रीक बंदर खरं आहे. १९६७मध्ये शहराच्या मधोमध व्यापारी संकुलासाठी पाया खणताना त्याचे धक्के आणि तटबंदीच्या भिंती वर आल्या. आज एका बाजूला मॉल आणि त्याला लागूनच अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे दगड, अशी ती जागा आहे. शेजारच्या संग्रहालयात १९९३मध्ये सापडलेल्या ग्रीक नावेचे अवशेष ठेवले आहेत. तिच्या फळ्या दोरीने शिवलेल्या होत्या. अभ्यासकांनी तशीच नाव पुन्हा बांधून २०१३मध्ये समुद्रात उतरवली आणि तिला नाव दिलं 'जिप्टिस'. आपल्याकडेही हे शिवणकाम अगदी अलीकडे पुन्हा झालं आहे. काथ्याच्या दोरीने शिवलेलं 'कौंडिण्य' हे जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. वेंगुर्ल्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. डोंबिवलीचा हा नवरा मूळचा तिकडचाच, त्यामुळे त्या नावेच्या काचेसमोरून तो लवकर हलला नाही.

आता जुनं बंदर. तीन बाजूंनी शहर, तोंडाशी दोन किल्ले आणि मधल्या पाण्यात शिडाच्या होड्यांची दाटी. सकाळी बंदराच्या टोकाशी मासळीबाजार भरतो. तोही केवढा, तर धक्क्यावर एका रांगेत मोजकी टेबलं, त्यांवर निळे ट्रे आणि ट्रेमध्ये शेपूट हलवणारे मासे. मासे आणणारी होडी मागेच बांधलेली असते. नवऱ्याने सवयीने एका माशाच्या कल्ल्याकडे बोट नेलं. विकणाऱ्या बाईने त्याच्याकडे एकवार पाहिलं, स्वतःच तो मासा उचलला आणि कल्ला उघडून आतला लालभडक रंग दाखवला. फ्रेंच याला येत नव्हतं आणि तिला इंग्रजी. गिऱ्हाईक जाणकार आहे एवढं तिला कळलं.

याच धक्क्यावर बुयाबेस जन्माला आली. विकून उरलेली, काट्यांची, कोणी घेत नाही अशी मासळी कोळी मोठ्या भांड्यात शिजवायचे, तिचा तो रस्सा. आता हा श्रीमंती पदार्थ झाला आहे. त्याचं नाव सांगून काहीही वाढलं जाऊ लागलं, तेव्हा १९८०मध्ये इथल्या काही उपाहारगृहांनी एक सनदच केली. दिलेल्या यादीतले निदान चार प्रकारचे मासे हवेत, रस्सा आणि मासे वेगवेगळे वाढायचे, मासे पाहुण्यासमोर कापायचे. सोबत लसूण-केशराची 'रुई' चोपडलेले पावाचे कुरकुरीत तुकडे. चांगल्या ठिकाणी एक-दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं.

बायको मात्र शाकाहारी. बंदराच्या शहरात आपली उपासमार होणार असं गृहीत धरून तिने मेथीचे ठेपले आणि लाडू बांधून घेतले होते. ते बरेचसे तसेच राहिले, कारण पहिल्याच दिवशी तिला पानीस सापडला. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, लांब गोळा करून गार करायचा, चकत्या कापायच्या आणि तेलात तळायच्या. वर मीठ आणि मिरपूड. पाटवडी करणाऱ्या हाताला यातली एकही पायरी नवीन नाही. शहराच्या उत्तरेला लेस्ताक नावाचा जुना कोळीवाडा आहे, तिथला पानीस नावाजलेला. तिकडे जायला जुन्या बंदरातून उन्हाळी मोसमात बोट सुटते. सेझान याच लेस्ताकची चित्रं काढत असे आणि १९०८मध्ये ब्राकने तिथल्या घरांची जी चित्रं काढली त्यांतून क्युबिझमची वाट निघाली. समुद्राकडे तोंड करून, कागदाच्या पुडीतला गरम पानीस हातात घेऊन तिने ही घरं पाहिली.

आणि उडी? ती राहून कशी चालेल? ८ जुलै १९१०च्या सकाळी 'मोरिया' ही बोट मार्सेय बंदरात उभी होती. सावरकरांना खटल्यासाठी हिंदुस्थानात नेत होते. पहाऱ्यातून निसटून त्यांनी जहाजाच्या गोल खिडकीतून पाण्यात उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. फ्रेंच भूमीवर पाय ठेवल्यावर इंग्रजांना आपल्याला हात लावता येणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. पण किनाऱ्यावरच्या फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून परत बोटीवरच्या इंग्रज पहारेकऱ्यांच्या हवाली केलं. यावर फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात वाद पेटला, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं आणि २४ फेब्रुवारी १९११ला निकाल लागला की पकडण्यात चूक झाली असली तरी कैदी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही.

आपण ही गोष्ट लहानपणी धड्यात वाचतो आणि तिथेच सोडतो. जुन्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या सँ-जाँ किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की समोर उत्तरेला गोदीच्या लांबच लांब भिंती दिसतात, मोठाल्या बोटी दिसतात. पाणी आणि धक्का यांतलं अंतर डोळ्यांनी मोजता येतं, आणि मग बेड्यांच्या छायेतल्या माणसाने केवढी जोखीम पत्करली होती याचा अंदाज येतो. दोघं तिथे बराच वेळ होते. नणंदेला पहिला फोटो पाठवला तो इथलाच.

हिंदुस्थानातून येणाऱ्यांसाठी मार्सेय हा कित्येक दशकं युरोपचा दरवाजा होता. मुंबईहून निघालेल्या टपालबोटी इथे थांबत, घाईतले प्रवासी इथे उतरून रेल्वेने पुढे जात. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१४मध्ये हिंदी फौजा इथेच उतरल्या. त्यांतल्या अनेकांची स्मृती शहराच्या दक्षिण भागातल्या माझार्ग युद्धस्मशानभूमीत जपली आहे. गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी सप्टेंबर १९३१मध्ये इथे उतरले. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये भारताचा वाणिज्य दूतावास इथे सुरू झाला.

पण आपल्याकडून आलेला सगळ्यात विलक्षण पाहुणा माणूस नव्हता. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो जानेवारी १५१५मध्ये गोव्याहून बोटीवर चढवून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. लिस्बनमध्ये त्याला बघायला झुंबड उडाली. जर्मन चित्रकार ड्युररने तो प्रत्यक्ष न पाहता, केवळ वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं काष्ठचित्र केलं आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपने गेंडा म्हणून तेच चित्र मानलं. राजाने हा गेंडा पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवला. वाटेत जानेवारी १५१६मध्ये बोट मार्सेयसमोरच्या इफ बेटाशी थांबली आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा त्याला बघायला मुद्दाम आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ बोट बुडाली आणि साखळीत जखडलेला तो जीव तिच्याबरोबर गेला. फ्रान्स्वाने काही वर्षांनी इफ बेटावर किल्ला बांधला. तो किल्ला पुढे तुरुंग झाला आणि अलेक्झांडर द्युमाने 'काउंट ऑफ मोंते क्रिस्टो'च्या नायकाला तिथे कोंडून किल्ल्याला जगभर पोहोचवलं. जुन्या बंदरातून बोटीने वीसेक मिनिटं लागतात. कादंबरीतल्या नायकाची कोठडीही दाखवतात. लोक तीच बघतात. गेंड्याची आठवण मात्र आपण ठेवून जावी, कारण तो आपल्या किनाऱ्यावरून निघाला होता.

शहर संपलं की दक्षिणेला कलांक सुरू होतात. पांढऱ्या चुनखडीचे उभे कडे आणि त्यांच्या मधे शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या जिभा. २०१२पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. इथे फ्रान्सने जे केलं त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. सुजिटोन या कलांकमध्ये उन्हाळ्यात दिवसाला अडीच हजारांपर्यंत माणसं येऊ लागली, पायांनी माती सुटली, झाडांची मुळं उघडी पडली. २०२२पासून उन्हाळ्यात दिवसाला फक्त ४०० जणांना प्रवेश मिळतो, तोही आधी नोंदणी करून, मात्र मोफत. वणव्याचा धोका असेल त्या दिवशी डोंगरवाटाच बंद. लोणावळ्याच्या धबधब्यांवर आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर सुट्टीत जे होतं ते बघता, हे आपल्याकडे करायला काय हरकत आहे?

याच कड्यांखाली पाण्यात ३७ मीटर खोलवर एका गुहेचं तोंड आहे. पाणबुड्या आँरी कोस्केरने ती शोधली आणि १९९१मध्ये जगाला सांगितलं. आत घोडे, रानरेडे, हातांचे ठसे आणि पेंग्विनसारखे दिसणारे पक्षी चितारले आहेत. त्यांतली सर्वांत जुनी चित्रं निदान २७ हजार वर्षांपूर्वीची आहेत. हिमयुगात समुद्र खूप खाली होता, तेव्हा माणसं चालत आत गेली. नंतर पाणी चढलं. आता ते आणखी चढतं आहे आणि चित्रं कायमची जात आहेत, म्हणून शहरात त्या गुहेची प्रतिकृती २०२२मध्ये उभारली गेली.

वास्तुकार ल कॉर्बुझिएची १९५२मध्ये पुरी झालेली ३३७ घरांची इमारतही पाहावी. युनेस्कोच्या २०१६च्या ज्या यादीत ती आहे, त्याच यादीत चंडीगडचं कॅपिटॉल संकुल आहे. टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चमध्ये छताला छोट्या बोटी टांगल्या आहेत, वादळातून वाचलेल्या खलाशांनी फेडलेले ते नवस.

लग्नाच्या वाढदिवशी दोघं व्हालाँ देज ओफच्या छोट्या कोळी बंदराजवळ जेवायला गेली. फ्रान्समधल्या उपाहारगृहांत नळाच्या पाण्याची सुरई मागितली की फुकट मिळते. वेटरने ती ठेवली. तिने एक ग्लास भरला, स्वतःसाठी न ठेवता त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, 'अहो, घ्या.' तो आधी ग्लास घेऊन पाणी प्यायला. मग कुठे त्याच्या लक्षात आलं.

तुम्हीही जाणार असाल तर मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि बंद डोंगरवाटा असतात, आणि मिस्त्राल हा वायव्येचा बोचरा वारा कधीही सुटू शकतो, तेव्हा एक जाड जाकीट मे महिन्यातही लागतं. पॅरिसहून टीजीव्हीने सव्वातीन-साडेतीन तास पुरतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, आणि निदान ३० हजार युरोंचा प्रवासविमा सक्तीचा आहे. मोठ्या शहरात जपतो तसं इथे पाकीट आणि मोबाइल जपा. आणि बारा दिवस हातात असतील तर निम्मे तरी एकाच गावाला द्या.