कपाट वेगळे कशाला?

'ख्रिस्ती कादंबरी' हा स्वतंत्र साहित्यप्रकार मानावा, असा आग्रह अधूनमधून ऐकू येतो. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. विधवांची दैना मांडणारी ही कृती अनेक अभ्यासक मराठीतली पहिली कादंबरी मानतात. तिच्यात धर्मप्रचार आहे, हे खरेच. पण पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये विधवेचेच दुःख सांगितले. तिचीही नायिका यमूच! तिला कोणी 'हिंदू कादंबरी' म्हणते काय? मग शिक्का पदमनजींनाच का?

उपेक्षित ख्रिस्ती लेखकांनी आपला मांडव वेगळा घातला, ते योग्यच झाले. पण मांडव वेगळा म्हणून साहित्यप्रकार वेगळा ठरत नाही. आम्हां गोमंतकीयांना हे सांगायला हवे काय? फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. कथा बायबलची, पण घाट पुराणाचा आणि छंद ओवीचा.

उद्या लाटंबार्से गावचे एखादे मूल वाचनालयात कादंबरी शोधील. 'यमुनापर्यटन' धर्माच्या कपाटात पडलेली असेल, तर मराठी कादंबरीचा उगम त्याला दिसणारच नाही. लेखकाचा धर्म शिरगणतीत नोंदवावा. ग्रंथपालाने पुस्तकाचा प्रकार तेवढा पाहावा.