एका चुलीची माणसं



तुमच्या घरात माणसं किती? सोपा प्रश्न आहे ना? २०११ च्या जनगणनेत हाच प्रश्न विचारत मी धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर फिरले, तेव्हा कळलं की तो दिसतो तेवढा सोपा नाही.

आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात सांगितलं होतं, नातं पाहू नका, चूल पाहा. एका छपराखाली दोन भाऊ राहतात, पण स्वयंपाक वेगळा, तर ती दोन कुटुंबं. आणि नात्यागोत्याची नसलेली माणसं एकत्र राहून एकाच चुलीवरचं जेवत असतील, तर ते एक कुटुंब! मी तेव्हा नवीनच नोकरीला लागले होते. दुसऱ्या एका बाईंबरोबर खोली घेऊन राहायचे. त्या भाजी करायच्या, मी भाकरी थापायचे. जनगणनेच्या कागदावर आम्ही दोघी एक कुटुंब झालो. काय हसलो होतो!

गेल्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती आता नंदुरबारला कॉलेजात शिकते, एका मैत्रिणीबरोबर खोलीत राहते. मैत्रीण नवापूरची, दर शनिवारी रेल्वेने घरी जाते. तिच्या वडिलांनी लेखन आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा घरगुती परवाना घेतलाय. सहा माणसांसाठी. घरात माणसं चार. म्हणजे दोन जागा रिकाम्या.

“बाई, मैत्रीण म्हणते, पप्पांचा पासवर्ड देते, तूही वापर. आपण एकाच चुलीवर जेवतो ना! चालेल का हो?”

जनगणनेची आठवण होऊन मी ‘चालेल’ म्हणणारच होते, पण थांबले. म्हटलं, आधी परवान्याच्या अटी वाचू.

मुलांनो, सॉफ्टवेअर विकत घेतो म्हणजे आपण खरं तर ते वापरायची परवानगी घेतो. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. १९८४ च्या दुरुस्तीनंतर त्यात संगणकाच्या प्रोग्रॅमलाही साहित्यकृती मानलं जातं, कथा-कवितेसारखीच! कुणीतरी रात्री जागून तो लिहिलेला असतो. पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरसचंच पाहा. रहिमतपूरचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ संजय संगणक शिकत होता. त्या भावाने व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून कंपनी उभी राहिली. तेव्हा लिहिणाऱ्याने घातलेली अट पाळायला नको का?

आता ही अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते बरं का. एसटीचा पास माणसाच्या नावाचा असतो. तुमचा पास सख्ख्या बहिणीलाही चालत नाही. अँटिव्हायरस बहुधा यंत्रं मोजून मिळतो, एका संगणकासाठी किंवा तीन संगणकांसाठी. आणि काही परवाने घर मोजतात. नेटफ्लिक्सने २०२३ च्या जुलैत भारतात सांगून टाकलं की एक खातं एका घरात एकत्र राहणाऱ्यांसाठीच आहे. माणूस, यंत्र की घर, काय मोजलंय ते आधी शोधायचं.

आम्ही दोघींनी मोबाइलवर त्या परवान्याच्या अटी वाचल्या. त्यात लिहिलं होतं, ‘विकत घेणाऱ्याच्या घरात राहणाऱ्या व्यक्ती’. विकत घेणारे कोण? नवापूरचे काका. मैत्रीण शिकायला बाहेर असली तरी तिचं घर तेच. माझी विद्यार्थिनी मात्र त्या घरात कधी राहिलेली नाही. त्या मैत्रिणीने नंदुरबारच्या खोलीत स्वतःच्या नावाने परवाना घेतला असता, तर गोष्ट वेगळी होती. मग दोघी खरोखरच एका घरच्या ठरल्या असत्या!

शिवाय पासवर्ड म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नाही. काकांची पत्रं, फोटो, हिशेब, सगळं त्याच किल्लीने उघडतं. आणि ती किल्ली काकांना न विचारता द्यायची?

“पण नाही म्हटलं तर ती रुसेल हो, बाई!” हीच खरी अडचण होती. मी म्हटलं, “तिला ‘तू चुकतेस’ म्हणू नकोस. ‘तुझ्या पप्पांच्या घरात माझी मोजणी नाही गं’ एवढंच सांग. आणि दुसरा रस्ता दाखव.”

दुसरा रस्ता आहे बरं का! लिबरऑफिस नावाचं सॉफ्टवेअर २०११ पासून मिळतं. ते मोफत आहे, त्यात मराठी लिहिता येतं आणि त्याचा परवानाच सांगतो की हवं तेवढ्या जणांना वाटा. विद्यार्थिनीने ते घेतलं. मैत्रीण दोन दिवस गप्प होती म्हणे. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहूनच विचारलं, “माझ्या धाकट्या भावाच्या शाळेला हे देता येईल का गं?”

देता येईल, अगदी खुशाल!

आता तुमचं काम. घरातल्या मोठ्यांबरोबर बसून एक यादी करा. आपण कोणकोणतं सॉफ्टवेअर वापरतो? परवाना कोणाच्या नावावर आहे? त्यात माणूस मोजलाय, यंत्र की घर? आणि पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? आईबाबांनो, शेवटच्या प्रश्नाला तुम्हीही खरं उत्तर द्या हं!

भाकरी वाटायला परवाना लागत नाही. ती मात्र दोघींची अजून एकाच तव्यावर होते.

तुमच्या,
बाई