हात बसायला हवा

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या परिषदेत लॅप्रोस्कोपीची कार्यशाळा हमखास असते. सभागृहात मोठा पडदा लागतो, थिएटरमधून नामवंत सर्जन दुर्बिणीतून गर्भपिशवी काढून दाखवतात आणि इकडे खुर्च्या भरून डॉक्टर बघत असतात. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली जातात. ती घेणाऱ्या हातांनी दिवसभरात एकही टाका घातलेला नसतो. याला प्रात्यक्षिक जरूर म्हणावं, प्रशिक्षण म्हणू नये.

पोट उघडून शेकडो ऑपरेशनं केलेला सर्जनही दुर्बिणीपुढे पुन्हा नवशिका होतो. पाच मिलिमीटरच्या छिद्रातून गेलेलं हत्यार त्या छिद्रापाशी तरफेसारखं फिरतं. हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. पडद्यावर खोली कळत नाही, बोटांना नेहमीचा स्पर्श मिळत नाही. त्यात गर्भपिशवीच्या कडेला मूत्रवाहिनी रक्तवाहिनीच्या खालून जाते, गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. हत्याराच्या उष्णतेने मूत्रवाहिनीला इजा झाली, तर कधी कधी काही दिवसांनी, बाई घरी गेल्यावर ते लक्षात येतं.

म्हणून सराव आधी पेटीवर, पोटाऐवजी छिद्रांतून हत्यारं आत घालायची अशा पेटीवर. जर्मनीत कील इथले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. सरावासाठीची 'पेल्व्हिट्रेनर' ही पेटीही त्यांचीच. अमेरिकेत २०२० पासून स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बोर्डाची मान्यता हवी असेल, तर अशा पेटीवरची परीक्षा आधी पास व्हावी लागते. तिच्यातलं पहिलं काम बघायला अगदी पोरखेळ वाटतं. खुंट्यांवरचे सहा त्रिकोण एकेक करून डाव्या चिमट्याने उचलायचे, अधांतरी उजव्या चिमट्यात द्यायचे, पलीकडच्या खुंटीवर ठेवायचे, मग सगळे उलट परत आणायचे. पहिल्या दिवशी त्रिकोण पडतात, चिमटा खुंटीच्या पुढेच हवेत मिटतो. टाक्याची गाठ तर त्याहून अवघड. सुई ऐन वेळी चिमट्यात फिरते. हे सगळं पेटीत घडलेलं बरं.

आपल्याकडे पदव्युत्तर परीक्षेला अशी सक्ती नाही. ती आणायला हवी, आणि लॉगबुकात 'पाहिलं', 'मदत केली' आणि 'स्वतः केलं' हे रकाने प्रामाणिकपणे भरले जायला हवेत. आपल्याकडे गुणवत्ता नाही, असं कोण म्हणेल? गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची दुर्बिणीची शस्त्रक्रिया 'पुणे तंत्र' या नावाने २००७ मध्येच आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आली. मात्र ते कौशल्य जिल्ह्याच्या गावी पोचायचं, तर तिथल्या तरुण डॉक्टरचा हात बसायला हवा, आणि हात बसायला तास लागतात.

खर्चाची सबब तर पटतच नाही. प्लॅस्टिकचा डबा, मोबाइलचा कॅमेरा, छोटा दिवा आणि थिएटरमधून बाद झालेले दोन चिमटे, एवढ्यावर सुरुवात होते. वैद्यकीय महाविद्यालयांना स्किल लॅब आता बंधनकारकच आहे. पण रात्री दहाला लेबर रूममधून सुटलेल्या निवासी डॉक्टरला जो पाऊण तास मिळतो, त्या वेळी ती उघडी असते का? विभागप्रमुखांनी एवढं करावं: तिची एक किल्ली लेबर रूममध्ये ठेवावी.