एमबीएला कुठे जायचं? आधी हप्ता काढा

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामू, ब्रिटनहून ऑफर लेटर आलंय. आठवडाभरात डिपॉझिट भरायचंय." विद्यापीठाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ज्या कन्सल्टंटने हे जमवलं त्याने एक रुपयाही घेतला नाही, याचं त्याला फार कौतुक. मी विचारलं, मग त्याचं दुकान कसं चालतं? तो गप्प. अशा कन्सल्टंटना कमिशन विद्यापीठ देतं. म्हणजे सल्ला कुणाच्या फायद्याचा असतो ते कळलंच.

रत्नागिरीतल्या आपल्या घरांना परदेश नवा नाही. कुवेत, दुबई, जहाजावरची नोकरी, प्रत्येक मोहल्ल्यात कुणी ना कुणी आहेच. पण ती माणसं पगारासाठी गेली. आता आपण आधी पैसे भरून जातो, आणि हा फरक घरात कुणी नीट बोलत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी आकडे मांडतो. ४० लाखांचं कर्ज, १०.५ टक्के व्याज, १० वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ५४ हजार. पुण्या-मुंबईत परत येऊन हा हप्ता भरता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर तिकडे नोकरी मिळण्यावाचून गत्यंतर नाही. आणि तिकडची नोकरी व्हिसावर अवलंबून.

ब्रिटनचा कोर्स एक वर्षाचा, म्हणून स्वस्त वाटतो. शिक्षणानंतर तिथे राहून काम शोधायची दोन वर्षांची मुभा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती १८ महिन्यांवर येणार आहे. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंड. नवख्यांना त्यात सवलत आहे, तरी अनुभव नसलेल्या मुलाला तेवढा पगार देणारी कंपनी शोधावी लागते. अमेरिकेत साध्या एमबीएनंतर कामाची मुभा एकच वर्ष. कोर्स स्टेम यादीत असेल तर आणखी दोन वर्षं, म्हणून प्रवेश घेण्याआधी ही एक गोष्ट लेखी विचारून घ्या.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांचे मास्टर्स बहुतेक ठिकाणी जवळपास मोफत, पण 'एमबीए' नावाच्या कोर्सला तिथेही बहुधा फी असते. मॅनेजमेंटचा साधा मास्टर्स घेतला तर खर्च राहण्या-खाण्याचा. त्यासाठी वर्षाचे सुमारे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. शिवाय जर्मन भाषा. ती आली नाही तर नोकरीचे निम्मे दरवाजे बंद, हे तिकडे गेलेले मित्र सांगतात.

आता व्याजाचं. आपा म्हणाली, "व्याजाचा पैसा घरात नको, कलमांची बाग विकू." मी मुफ्ती नाही. मजबुरी कशाला म्हणायचं, हे ज्याने त्याने जाणत्या आलिमांना विचारावं. पण ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा विद्यापीठासाठी बाग विकणं मला कर्जाहून बरं वाटत नाही. अल्पसंख्याक मुलांच्या कर्जावर व्याज अनुदान देणारी 'पढो परदेश' योजना केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. तेव्हा आपल्यातून फारसा आवाजही उठला नाही. राज्याच्या अल्पसंख्याक विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, जागा मोजक्या. पण तिचा अर्ज किती जण भरतात? भाच्याने तिचं नावही ऐकलं नव्हतं. कन्सल्टंट कशाला सांगेल, त्यात त्याचं काय?

माझं मत विचाराल तर पदवीनंतर लगेच जाऊच नका. एमबीए हा नोकरी केलेल्या माणसाचा कोर्स आहे. चांगली बिझनेस स्कूल्स बहुधा काही वर्षांचा अनुभव बघतात, आणि जी अजिबात काही बघत नाहीत त्यांचाच मला संशय येतो. दोन-तीन वर्षं इथे काम करा, पैसे साठवा, जीमॅट द्या. कर्जाची रक्कम आपोआप कमी होते, व्याजाचा प्रश्नही तेवढाच लहान होतो. विद्यापीठ निवडताना रँकिंगच्या आधी लिंक्डइनवर जाऊन तिथून दोन वर्षांपूर्वी पास झालेली भारतीय मुलं आज कुठे काम करतात ते बघा. त्यातल्या पाच जणांना मेसेज करा. दोघं तरी उत्तर देतात, आणि खरं बोलतात.

भाच्याने केले. तिघांनी उत्तर दिलं, त्यातले दोघं अजून गोदामात शिफ्ट करतायत. डिपॉझिट त्याने भरलं नाही. सध्या तो चिपळूणला एका कंपनीत लागलाय आणि रात्री जर्मनचे धडे ऐकतो. आपाचं म्हणणं, बाग राहिली हे बरं झालं, पण मुलगा घोरतो जर्मनमध्ये.