अंग न भिजवता डोहात

'ड्रायसूट' हा शब्द मी प्रथम उच्चारला तेव्हा वर्गात हशा पिकला. "जेऊरला समुद्र कधी आला रे?" असे एका मित्राने विचारले. त्याचे तरी काय चुकले? आमच्या स्टेशनावर उतरणाऱ्या माणसाला ऊस दिसतो, केळीच्या बागा दिसतात. पाणबुड्याचा पोशाख इथे कोणाला सुचणार? परंतु याच करमाळा तालुक्याच्या कडेला उजनीचा यशवंतसागर पसरलेला आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी त्यात मावते, आणि त्यातले ६३ टीएमसींहून अधिक मृतसाठ्यात मोडते. म्हणजे ऐन उन्हाळ्यातही तळाशी खोल पाणी राहतेच. त्या पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती आहेत, बाभळींची खोडे आहेत, तुटलेली जाळी आहेत. आणि कधी कधी माणसेही असतात.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले, सहा जण गेले. होडी सुमारे ३५ फूट खोल सापडल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, त्यांनी शोध घेतला. तोवर काठावर बसलेल्या नातेवाइकांनी जे तास काढले त्यांचे वर्णन मी करू नये हेच बरे.

अशा मोठ्या घटनेला मोठे पथक येते. परंतु एखादा गुराखी बुडाला, कोणी विहिरीत पडले, तर प्रथम निरोप जातो तो गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला. आमच्या घरात ते काम तात्यांकडे, म्हणजे माझ्या चुलत्यांकडे आहे. वडील आणि तात्या दोघेही चिलापीची जाळी टाकतात. तात्या बुडी मारतात ती लंगोट लावून, कमरेला दोर बांधून. वर येतात तेव्हा डोळे लाल, आणि पुढे आठ दिवस अंगाला खाज. एका कानाने त्यांना आता कमी ऐकू येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणीतून भीमेत येते आणि शेवटी आमच्याकडे येऊन थांबते. जलपर्णी आणि हिरवा तवंग डोळ्यांना दिसतो. बाकीचे अंगाला कळते!

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला एक निवृत्त पाणबुडे आले होते. त्यांनी स्वतःचा जुना ड्रायसूट आणला होता. मी पुढे बसलो होतो म्हणून तो घालण्याचा मान मला मिळाला. मान म्हणण्यापेक्षा मानेची परीक्षाच म्हणा! गळ्याशी पातळ रबराची घट्ट पट्टी असते, तशीच दोन्ही मनगटांना. तिच्यावर बिनवासाची टाल्कम पावडर लावून डोके आत घालायचे. पट्टी फार सैल असेल तर पाणी आत येते. फार घट्ट असेल तर मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब पडून घेरी येते. मग पाणी न शिरणारी चेन दुसऱ्याने ओढून द्यायची. नंतर उकिडवे बसून गळ्याची पट्टी बोटाने किंचित उघडायची, म्हणजे आतली जादा हवा फुस्सकन निघून जाते. यावर मुली हसल्या, हे नमूद करतो.

पायऱ्यांच्या विहिरीत छातीइतक्या पाण्यात उतरलो. पाण्याने पोशाख पोटऱ्यांना असा काही आवळला, जणू कोणी दोन्ही हातांनी पाय धरून ठेवले आहेत. अंग मात्र कोरडे होते. बॉइलचा नियम कलाशाखेच्या विद्यार्थ्याला कधी लागेल असे वाटले नव्हते; तो त्या दिवशी पायांना समजला. ३३ फुटांवर दाब दुप्पट होतो आणि पोशाखातली हवा निम्मी उरते. म्हणून छातीवरच्या झडपेतून टाकीची हवा थोडी थोडी आत घ्यावी लागते, आणि वर येताना तीच हवा फुगू लागली की दंडावरच्या झडपेतून सोडावी लागते. डोके खाली आणि पाय वर झाले तर हवा पायांकडे धावते, झडप खालीच राहते, आणि माणूस उलटा होऊन पृष्ठभागाकडे फेकला जातो. इतक्या वेगाने वर येण्याने फुप्फुस फाटू शकते. सरावाशिवाय हा पोशाख घालणे म्हणजे बुडालेल्यांत एकाची भर घालणे होय.

"ही बर्फाळ देशांची चैन आहे," असा आक्षेप आमच्या एका सरांनी घेतला. सरांविषयी आदर ठेवूनही मला तो पटत नाही. हा पोशाख प्रथम थंडीसाठी निघाला हे खरे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते. परंतु तो घाणीलाही अडवतो, आणि आपल्याला त्याचा उपयोग तेवढ्यासाठीच आहे. तारकर्लीच्या स्वच्छ पाण्यात अंग भिजू देणारा साधा वेटसूट पुरतो. उजनीत वेटसूट घालणे म्हणजे घाण पाण्याची गोधडी अंगाला गुंडाळून फिरणे.

मग कोणता घ्यावा? फेसाळ निओप्रीनचा उबदार असतो, पण आपल्या हवेत ती ऊब नकोच आहे, आणि घाण त्याला चिकटून राहते. तीन पदरी कापडाचा हलका, लवकर वाळणारा. परंतु माझे मत भक्कम रबराच्या पोशाखाला आहे. तो जड असतो, अंगावर बेढब दिसतो, पण धुऊन पूर्ण स्वच्छ होतो आणि बाभळीच्या खुंटाने फाटला तर ठिगळ लावता येते. त्याच्याबरोबर डोक्याला टोपी, हातमोजे आणि सबंध चेहरा झाकणारा मुखवटा हवाच. नाही तर अंग कोरडे आणि तोंडात भीमा, अशी गत व्हायची. हवेची टाकीही पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर भरता येत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. आणि मे महिन्यात आमच्या काठावर हा पोशाख अर्धा तास आधी चढवून बसलेला माणूस पाण्यात उतरण्यापूर्वीच उष्माघाताने आडवा होईल. आत पातळ सुती कपडे घालावेत आणि चेन अगदी शेवटी ओढावी.

किंमत लाखाच्या घरात जाते. म्हणूनच मला भीती आहे ती निराळीच. उद्या कोणाच्या मनात आले आणि तालुक्याला असे सहा पोशाख मिळाले, तर ते सगळे एकाच मापाचे असतील, कोणाच्याच मानेला बसणार नाहीत, आणि कपाटात घडी घालून ठेवल्याने त्यांचे रबर चिकट होऊन जाईल. सहा नकोत, दोनच द्या. पण ते दोन ठरलेल्या माणसांच्या मापाचे द्या, त्या माणसांना रीतसर प्रशिक्षण द्या, आणि दर महिन्याला एकदा स्वच्छ पाण्यात त्यांचा सराव घ्या. सरावाच्या दिवसाची मजुरीही द्या, कारण त्या दिवशी जाळे टाकायचे राहते.

हे सगळे मी तात्यांना सांगितले. ते विडी ओढत ऐकत होते.

"आरं, अंग भिजवायचंच न्हाई तर पाण्यात कशाला जायाचं?" ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनीच, ऐकू येणारा कान माझ्याकडे करून, विचारले, "आमच्या मापाचा मिळंल व्हय?"

शेजारच्या शिंप्याकडून टेप आणली. इतिहासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे : मान साडेपंधरा इंच, मनगट पावणेसात, पाय नऊ नंबर.

(द्वितीय वर्ष, कला)